उपाशीपोटी

पिंकीच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी, साखरेचा एक दाणा चिकटलेला होता. पुरता दाणाही नव्हे. अर्धा विरघळून कडा गोलावलेला, आणि भोवती कातडीवर पांढुरका, सुकून तडकलेला थर. नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाला लावण्यासाठी डॉ. नम्रताने मुलीची मूठ उलगडली म्हणून तो दिसला. मूठ मिटलेलीच राहिली असती तर दिसला नसता.

तिने तो तळहात नाकाशी नेला. आंबूस वास आला.

पिंकी आईच्या मांडीवर बसून भिंतीवरच्या हसऱ्या दाढेच्या चित्राकडे पाहत होती. तीन वर्षांची पोर. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत काळे पडलेले, डाव्या दाढेच्या मुळाशी गळू. रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची सवय, दुसरं काही नाही. भात कापणीला आलं तेव्हापासून ती एकाच बाजूने चावत होती, आणि झोडणी संपेपर्यंत तेही सोडून पेजेवर आली होती. एवढ्या लहान मुलाचे एवढे दात जागेपणी, हातपाय धरून दुरुस्त करता येत नाहीत. करू पाहिलं तर ते मूल पुढे जन्मभर डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवत नाही. म्हणून पूर्ण भूल द्यायची ठरली होती, आणि ती द्यायला नम्रता पेणहून आली होती. दवाखाना अष्टमीत, रोह्याच्या पुलापलीकडे, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दातांचे डॉक्टर प्रविण. नम्रताचा सख्खा दीर.

"नूतन," नम्रताने मुलीच्या आईला विचारलं, "सकाळी हिला काय दिलं?"

"काय नाय, मॅडम. पाणीपण नाय. कासूला गाडीत बसल्यापासून रडतेय, तरी नाय दिलं."

बाई खोटं बोलत नव्हती. लेकराचं रडणं ऐकत, मन घट्ट करून बसलेल्या आईचा चेहरा नम्रता ओळखत होती. खाली जिन्यातही तिने हेच विचारलं होतं, आणि आई आणि आजी दोघींनी एका सुरात नाही म्हटलं होतं.

"आणि हातावर काय दिलं?"

नूतनने सासूकडे पाहिलं. गिरजाबाई दाराशी उभी होती. फरशी चकचकीत म्हणून चपला बाहेर काढून आलेली, आणि कुणी नेईल म्हणून त्या पिशवीत घालून पिशवी पोटाशी धरलेली.

"दही," ती सरळ म्हणाली. "दही-साखर. उंबऱ्यातून निघताना ठेवली हातावर. पोर एवढ्या मोठ्या कामाला निघाली, तशीच धाडायची काय?"

"आणि तिने ती खाल्ली."

"चाटलीन. हातावर दही ठेवल्यावर काय भिंतीला पुसतात गो बाय?"

"किती दिलंत?"

"शकुन काय मापानं देतात? पोर भुकेली. पुन्हा हात पुढं केलान, पुन्हा घातलं. वाटीत होतं तेवढं संपलं."

"पण आजी, मी खाली विचारलं, काही खाल्लं का. तुम्ही नाही म्हणालात."

"नायच खाल्लं." गिरजाबाईला आता राग यायला लागला होता. "पेज नाय दिली, बिस्कुट नाय दिलं, चहा नाय दिला. दही म्हणजे काय खाणं हाय? शकुन हाय तो."

नम्रताला या बाईचा राग आला नव्हता. इतक्या वर्षांत पेणपासून रोह्यापर्यंतच्या नर्सिंग होममध्ये तिने हजारो माणसांना हा प्रश्न विचारला होता आणि त्यात कुठे कुठे फटी असतात हे तिला ठाऊक होतं. उपासाला वाटीभर खिचडी खाऊन माणूस 'आज माझा उपास' म्हणतो, त्यात त्याला लबाडी वाटत नाही. तीर्थ हे पाणी नसतं, अंगारा हे औषध नसतं. म्हणूनच ती स्वतः नावं घेऊन विचारायची: दूध? पेज? प्रसाद? आणि म्हणूनच तिने प्रविणला अनेकदा सांगितलं होतं, की ज्या मुलाला भूल द्यायची ते मूल आणि त्याची माणसं मला आधी भेटली पाहिजेत. काय द्यायचं, काय नाही आणि का नाही, हे मी त्यांना समोर बसवून सांगेन.

"त्यांना कशाला दोन फेऱ्या, वहिनी?" प्रविण म्हणायचा. "आपली रिसेप्शनची मुलगी फोनवर सांगते ना."

रिसेप्शनच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं, 'उपाशीपोटी आणा.' त्या दोन शब्दांवर कासूच्या या दोघी बायकांनी प्रामाणिकपणे पोरीला उपाशी ठेवलं होतं आणि प्रामाणिकपणे वाटीभर दही चाटवलं होतं. राग येऊ लागला तो इथे. सावकाश, आणि तो या बायकांचा नव्हे, प्रविणचा.

प्रविण हातमोजे चढवत आत आला. त्याच्या हाताला यश होतं, हे कुणीही मान्य केलं असतं. खालापूर-माणगावकडची माणसंही त्याच्याकडे येत. बोलणं गोड, हात हलका. "चला पिंकीताई, झोपायची तयारी झाली का?" तो म्हणाला. "वहिनी, सुरू करूया? पुढचा पेशंट येऊन बसलाय."

"आज नाही," नम्रता हळू आवाजात म्हणाली. "पोटात दही आहे."

"दही?" तो हसला. "चमचाभर दही ना? ते एव्हाना पचलंसुद्धा असेल."

"वाटीभर. दोन तासही झाले नाहीत. दूध-दह्याला सहा तास लागतात. तुला माहीत आहे."

"पुस्तकात."

"पोटातही."

प्रविणने आई आणि आजीकडे एक मवाळ हसू फेकलं आणि वहिनीला मागच्या खोलीत यायची खूण केली. त्या खोलीत हवेचा कॉम्प्रेसर, जुनी खोकी आणि एक ऑक्सिजनचा सिलेंडर होता. सिलेंडरच्या गळ्यात कुणीतरी छत्री अडकवून ठेवली होती. याच खोलीत, एका घडीच्या खाटेवर, भुलीतून बाहेर येणारी मुलं झोपवली जात. त्यांच्याजवळ बसायची ती रिसेप्शनची मुलगी. तिचा मोबाइल वाजला की ती उठून बाहेर जायची.

"वहिनी, पेशंटसमोर असं बोलू नका हो. बाहेर पुलावर बोर्ड लागलाय तो पाहिलात ना?"

नम्रताने तो येताना पाहिला होता. 'लहान मुलांचे दात, झोपेत उपचार!' आणि खाली तिचं नाव, पदवीसकट.

"माझं नाव घालायला तुला कुणी सांगितलं?"

"घरचंच नाव आहे. त्यात विचारायचं काय?"

हेच ते. घरचं. या एका शब्दावर तिच्याकडून जे जे करून घेतलं गेलं होतं ते दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडून कुणी मागितलंही नसतं. भूल द्यायला लागणारं अर्धं सामान तिच्या गाडीच्या डिकीत असे: मॉनिटर, श्वासाच्या नळ्या, लहान मुलांचे मास्क, अडीअडचणीची औषधं. ती ते जिना चढवून आणायची आणि उतरवून न्यायची. रक्त आणि लाळ ओढून घेणारं दुसरं यंत्र हवं, पहिलं ऐन वेळी बंद पडलं तर? गणपतीनंतर घेऊ, वहिनी. मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत बसेल अशी शिकलेली नर्स हवी. दिवाळीनंतर बघू. आणि हा जिना, याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, एखाद्या मुलाला घाईने खाली न्यायचं झालं तर कसं नेणार? यावर प्रविण नुसता हसला होता. "वहिनी, तीन वर्षांचं पोर. कडेवर घेऊन पळता येतं."

परतीच्या वाटेवर प्रत्येक वेळी ती ठरवायची, की आता पुरे. तो निर्णय नागोठण्यात व्हायचा आणि पेणला पोचेपर्यंत विरून जायचा. घरी सासूबाई विचारायच्या, "प्रविण काय म्हणतो?" नवरा चहा ठेवायचा. तिथे काय सांगणार, की तुमच्या धाकट्याचा दवाखाना मुलांसाठी सुरक्षित नाही? ती हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागायची.

"आजवर काही झालंय का?" प्रविणने विचारलं. "तुम्हीच सांगा."

"नाही झालं. मुलं धडधाकट होती म्हणून. आपल्यामुळे नाही."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने फोन काढला आणि मोठ्या भावाला लावला. दोन वाक्यांत हकीकत सांगून फोन तिच्या हातात दिला. तिचा नवरा रितेश कंपनीत शिफ्टवर होता. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"नमू, काय झालं गं?"

"मुलीने दही खाल्लंय. भूल दिली की पोटातलं वर येऊ शकतं, फुप्फुसात जाऊ शकतं."

"बरं. मग थोडं थांबून दे ना. दुपारी दे. तो बिचारा बोर्डबिर्ड लावून बसलाय."

वरवर पाहता यात चुकीचं काहीच नव्हतं. दुपारपर्यंत दही खरंच पुढे सरकलं असतं. जिना सरकला नसता. दुसरं यंत्र कुठून उगवलं नसतं, आणि त्या घडीच्या खाटेजवळ शिकलेली नर्स येऊन बसली नसती. हे रितेशला फोनवर सांगता आलं असतं. "बघते," ती म्हणाली. तोंडातून हा शब्द बाहेर पडला आणि तिला स्वतःचीच चीड आली. किती वर्षं ती नुसती बघत होती.

फोन परत घेऊन प्रविण बाहेर गेला. ती सिलेंडरवरची छत्री काढून खाली ठेवत होती तेव्हा त्याचा आवाज कानावर आला.

"काळजी करू नका. मॅडमना पेणला दुसरी केस आहे, त्या निघतायत. आपण पिंकीला गुंगीचं गोड औषध पाजू. ती पेंगली की मी हळूच काम उरकतो. भूल नको, इंजेक्शन नको. उलट बरंच झालं, नाही का आजी?"

"बरं झालं बाबा," गिरजाबाईचा आवाज. "मला ती भूल नकोच होती. आमच्या आळीतली म्हणतात, भूल दिलेलं पोर मंद होतं. शाळेत मागं पडतं."

नम्रता बाहेर आली. प्रविण औषधाच्या टोपीत गुलाबी पातळ औषध ओतत होता. पिंकी त्याकडे आशेने पाहत होती. सकाळपासून दह्यापलीकडे तिला कुणी काही दिलं नव्हतं.

नम्रताने त्या टोपीवर हात ठेवला.

"वहिनी, पेशंट माझा आहे," तो म्हणाला. अजून हसतच.

"मला कुठेही जायचं नाहीये," नम्रता नूतनला म्हणाली. "पेणला माझी कुठलीही केस नाही. तू इथेच बस, मी सांगते ते ऐक, आणि मग काय करायचं ते तू ठरव."

नूतनने पोरीला घट्ट धरलं. "भुलीनं मेंदूवर होतं का काय, मॅडम? खरं सांगा. मी मोबाइलवर बघितलं, त्यात पण लिहिलंय."

"खरंच सांगते. निरोगी मुलाला एकदा, थोड्या वेळासाठी भूल दिली, तर त्याच्या बुद्धीवर परिणाम होतो असं अभ्यासात दिसलेलं नाही. फार वेळ किंवा वारंवार द्यावी लागली तर काय, हे अजून नीट ठरलेलं नाही. म्हणून सगळे दात एकदाच करायचे. तू घाबरतेस त्यात चूक नाही. पण तू भलत्याच गोष्टीला घाबरतेस. भुलीच्या औषधाला नको घाबरू. मूल झोपलेलं असताना त्याच्या श्वासाकडे डोळे लावून बसलेलं माणूस आहे की नाही, याला घाबर."

"आणि दही?" गिरजाबाईने विचारलं.

"जागेपणी ठसका लागला की आपण खोकतो ना, आजी? गुंगीत किंवा भुलीत खोकता येत नाही. पोटातलं दही घशात आलं तर ते सरळ श्वासाच्या नळीत उतरतं. एवढंसं पुरतं."

गिरजाबाईने पोटाशी धरलेली पिशवी खाली ठेवली. मग ती बोलली, ती नम्रताशी नव्हे, प्रविणशी.

"हे तेव्हाच सांगायला काय झालेलं रे? फोन केलास ना? उपाशी आणा बोललास. कशापायी ते नाय बोललास. आम्हाला वाटलं, पोटात अन्न असलं की औषध लागू पडत नसेल. मला कोण बोललं असतं, दही पोरीच्या छातीत उतरंल, तर मी दह्याचा टिळा लावून धाडली असती तिला. दही काय तोंडातच घालायला लागतं? शकुन कपाळावर पण बसतो."

"आजी, फोन मुलीने केला होता..."

"मग मुलीनं सांगायचं. मी अडाणी हाय, बहिरी नाय."

प्रविणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेरच्या बाकावरचा पेशंट मान वाकडी करून आत बघत होता. प्रविणने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, हे बरं नाही करत तुम्ही. हलकं औषध आहे ते. मी शंभर वेळा दिलंय."

"पोटात दही. गुंगीचं औषध. त्यात तू तोंडात पाण्याचा फवारा मारत दात कोरणार. तुझे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे दातात. मग हिचा श्वास कोण बघणार? तुझी रिसेप्शनची मुलगी? आणि तिचा मोबाइल वाजल्यावर?"

दाराच्या आत उभी असलेली ती मुलगी एक पाऊल मागे सरली.

"हे भुलीपेक्षा सोपं नाही, नूतन," नम्रता म्हणाली. "जास्त अवघड आहे. फक्त सोपं दिसतं."

"घरातलं भांडण पेशंटसमोर काढायचं असेल तर काढा," प्रविण म्हणाला. "दादाला काय सांगायचं ते मी सांगतो. आईलाही सांगतो. मी इतकी वर्षं घासून हा दवाखाना उभा केला, आणि तुम्ही घरच्या असून..."

तो पुढे बोलत राहिला. नम्रताचं अर्धं लक्ष पिंकीकडे होतं. पोर आता चुळबुळ करत होती, गालावर हात दाबत होती, पण रडत नव्हती. दुखणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याची तक्रार करायची असते हेच ती विसरली असावी. नम्रताला त्या क्षणी प्रविणचाही फारसा राग आला नाही. राग आला तो या सगळ्या कारभाराचा. तीन वर्षांच्या मुलीच्या तोंडात गळू आहे, आणि खोलीतल्या मोठ्या माणसांमध्ये वाद चालला आहे तो बोर्डाचा, भावाचा, घराचा. तिने परतीच्या वाटेवर कितीदा मनात घोकलेलं वाक्य अजून बोलायचं राहिलं होतं. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चहा ठेवणारा रितेश आला. ती त्यांना ओलांडून पुढे झाली.

तिने प्रविणच्या हातातली टोपी घेतली आणि सिंकमध्ये ओतली. नळ सोडला, टोपी धुतली, पालथी घातली. मग पिंकीच्या बोटावरचा चिमटा सोडवला आणि मॉनिटर बंद केला.

"नूतन, हिला आता खाली नेऊन पोटभर पेज दे, मऊ भात दे. गळवाची आणि दुखण्याची औषधं मी लिहून देते, ती आजपासून चालू कर. पुढच्या आठवड्यात पेणच्या हॉस्पिटलात आणायची. तिथे ऑपरेशनची खोली आहे, शिकलेली नर्स आहे, लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर येतात. आदल्या दिवशी मला भेटायचं, तुम्ही दोघींनी. काय द्यायचं आणि काय नाही ते मी एकेक नाव घेऊन सांगेन. आजी, तुम्ही नक्की या."

"येतो ना," गिरजाबाई म्हणाली. "मी नाय आली तर ही पुन्हा काहीतरी विसरंल."

"मी विसरले?" नूतन म्हणाली. "दही कोणी दिलं?"

"मीच दिलं. ते मी बोलले की. लपवलं का?"

प्रविण हातमोजे काढत होता. एक निघाला, दुसरा अर्ध्यावर अडकला. "वहिनी," तो म्हणाला, आणि या वेळी तो हसत नव्हता, "म्हणजे दुपारी नाही का? संध्याकाळी तरी? तुम्ही म्हणाल तसं थांबू. उद्या सकाळी लवकर करू."

नम्रताने मॉनिटरची वायर गुंडाळली. आवाज चढला नाही. ती चारचौघांत बोलायची त्याच आवाजात बोलली, फक्त या वेळी मागच्या खोलीत नव्हे, सगळ्यांसमोर, आणि नागोठण्याच्या पुढे गेल्यावर विरून जाणार नाही असं.

"प्रविण, दह्याची अडचण आजच्यापुरती आहे. माझा नकार आजच्यापुरता नाही. या दवाखान्यात मी यापुढे कुठल्याही मुलाला भूल देणार नाही."